गोळ्यांचं तेवढं राहिलं

सप्तशृंगीच्या गडावर शपथ घेतली आणि माझी दारू सुटली, असं मी कित्येक लोकांना सांगितलं. मंडळांच्या स्टेजवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, सलूनमध्ये तोंडाला फेस लावलेला असतानाही सांगितलं. ते धडधडीत खोटं होतं असंही नाही. शपथ मी खरोखरच घेतली होती. फक्त शपथेच्या आधी मी एका व्यसनमुक्ती केंद्रात लोखंडी कॉटवर पडून होतो, हाताला सलाइन होतं आणि एक डॉक्टर सकाळ-संध्याकाळ गोळ्या देत होता, हे मी सांगत नव्हतो. अर्धं सांगणाऱ्याची एक सोय असते. त्याला कुणी खोटारडा म्हणू शकत नाही. मला मात्र एका बाईनं तोंडावर म्हटलं, आणि तरीही मी गप्प बसलो. माझ्या त्या गप्प बसण्यात एका माणसाचा उजवा हात निकामी झाला.

ती बाई म्हणजे मखमलाबादला आमच्या समोर राहणारी सिंधूआक्का. हे तिच्याविषयी लिहितो आहे. स्वतःविषयी मी आजवर पुष्कळ बोललो, आणि त्यातलं बरंचसं लोकांनी विसरून जावं अशी माझी इच्छा आहे.

आक्का फुलांवर जगायची. घरामागे तीन बाजूंनी इमारतींनी घेरलेला मळ्याचा एक तुकडा उरला होता. त्यात झेंडू, शेवंती आणि बांधाला थोडा गलांडा. दुपारभर ती ओट्यावर पाय लांब करून बसायची, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून हार ओवायची. मधूनच पदराआडून डबी निघायची. डबीत मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. डाव्या हाताच्या बोटानं ती दातांना चोळत आक्का रस्त्याकडे बघत बसायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचीही त्या काळ्या तोंडातून सुटका नसायची.

"देवाला, पुढाऱ्याला आन मढ्याला एकच हार लागतो," ती म्हणायची. "तिघंपण घालून घेताना मान हालवत नाय. पुढारी तेवढा हासतो."

तिला दात काढून हसताना मी क्वचितच पाहिलं. तिचं हसू नाकातून यायचं. कुणी नवी गाडी घेतली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणी उपास सुरू केले, की आक्काच्या नाकातून हवा सुटायची. बस, एवढंच. पण ती हवा ऐकल्यावर गाडी जुनी वाटायची आणि उपासाला भूक लागायची.

देवीवर मात्र तिची अपार श्रद्धा होती. दर चैत्रात ती पायी गडावर जायची. पण तिची श्रद्धा आमच्यासारखी हात पसरणारी नव्हती. ती देवीशी बोलायची ते थोरल्या जावेशी बोलावं तसं. एकदा मी विचारलं होतं, "आक्का, एवढं चालत जाता, मागता काय?"

"काय मागायचं? ती काय हमाल हाय? बघून येते, बरी हाय का. तीपण बघती, मी बरी हाय का. झालं."

तिचा नवरा निवृत्ती दारूनं गेला. मला तो आठवतो तो तुळशीची माळ घातलेला, कपाळाला बुक्का लावलेला आणि सभ्य. आणि आठवतो तो माळ नसलेला. मधला निवृत्ती कुणी पाहिलाच नाही. प्यायची लहर आली की तो गळ्यातली माळ काढून दारामागच्या खुंटीला अडकवायचा, कारण माळ घालून पिणं पाप. मग दोन-चार दिवस गुत्त्यात. उतरली की गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन अंघोळ, खुंटीवरची माळ पुन्हा गळ्यात, आणि संध्याकाळी भजनात सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. गल्ली म्हणायची, निवृत्ती पितो खरा, पण देवाला मानतो. मीही तेच म्हणायचो. पिणाऱ्यांना अशी उदाहरणं फार लागतात.

एकदा निवृत्ती अंघोळ करून आला तर खुंटी रिकामी. बघतो तर माळ आक्काच्या गळ्यात.

"माळ दे माझी," तो म्हणाला.

"तुझी कशी? मघाशी खुंटीची व्हती, आता माझी झाली. देव माझ्या गळ्यात हाय. तू मोकळा हायस, पी जा."

निवृत्ती ओट्यावर बसून ढसाढसा रडला. बाईनं नवऱ्याच्या गळ्यातला देव काढून घेतला म्हणून गल्लीतल्या बायकांनी तिच्याशी काही दिवस बोलणं टाकलं. ज्या माणसानं तोच देव वर्षानुवर्षं खुंटीला लटकवला, त्याच्याशी बोलणं कुणी टाकलं नव्हतं. तेव्हापासून ती माळ आक्काच्या गळ्यातून उतरली नाही. मांस-मच्छी सुटली. मिश्री काही सुटली नाही. माळकरणीनं तंबाखू चोळावी का, असं कुणी विचारलंच तर ती डबी उघडून दाखवायची. "ह्या माळेला ठाऊक हाय. तिच्यापासून काय लपवलं नाय. देवीपुढं पण दोनदा शपथ घेऊन मोडली. तिसऱ्यांदा तिला सांगून टाकलं, बाई, माझ्याच्यानं जमत नाय. खोटं बोलायला परत परत कशाला येऊ?"

आता मी. अंबडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीला आहे. वीसेक वर्षं प्यायलो. पण मी स्वतःला व्यसनी समजत नव्हतो, कारण मी श्रावण पाळायचो. श्रावण पाळणारा माणूस व्यसनी नसतो, हा आम्हा पिणाऱ्या मंडळींचा लाडका सिद्धांत आहे. महिनाभर थेंब नाही, दाढी वाढवायची, सोमवारी शंकराला बेल, नवरात्रात अनवाणी. बघा, मनात आणलं तर सोडू शकतो. फक्त मनात आणत नाही. आणि पोळा झाला की त्याच संध्याकाळी मी महिनाभराचं उसनं फेडायला बसायचो. बायको मंगल श्रावणात माझ्या आवडीचं गोडधोड करायची आणि भाद्रपदात माहेरी जायची.

ऐन श्रावणात एकदा कपाळाला भस्म लावून मी आक्कासमोरून चाललो होतो.

"दत्ता, सोडली का रे?"

"महिना पूर्ण पाळतो आक्का. आत्मविश्वास लागतो त्याला."

"आत्मविश्वास निवृत्तीला लय व्हता. 'एकच घेतो' म्हणायचा ना, ते आत्मविश्वासानंच म्हणायचा." नाकातून हवा. "आन श्रावणात तू दारू सोडत नाय रे. दारू तुला सुट्टी देती."

मला इतका राग आला की त्या संध्याकाळी श्रावण मोडावासा वाटला. पाळला. पण पुढच्या श्रावणात पाळता आला नाही. पहिल्याच सोमवारी हात इतके कापायला लागले की पिंडीवर दुधाची धार धरता येईना, आणि मी देवळामागे जाऊन क्वार्टर लावली. नंतर कावीळ झाली. मला उचलून केंद्रात न्यायचं ठरलं तेव्हा मी रिक्षात बसायला तयार नव्हतो. आधी गडावर न्या, देवीपुढे शपथ घेतो, मला दवाखान्याची गरज नाही, असा माझा हेका होता. मंगल रडत होती. आक्का समोरून उठून आली, हातातला अर्धा हार तसाच घेऊन.

"देवीला अठरा हात हायत. पण त्यातल्या एकानंपण तुझा ग्लास धरायचा नाय. बस रिक्षात. आधी दवाखाना. तुझी ही अशी वांती झालेली बनियन घेऊन तिच्यापुढं जातो? लाज वाटू दे."

मी बसलो. तीही शेजारी बसली, आणि सगळ्या रस्त्यानं झेंडू ओवत राहिली.

केंद्रातले पहिले दिवस मला धड आठवत नाहीत. भिंतीवरून मुंग्या खाली येत होत्या, इतकं आठवतं. भिंतीवर मुंग्या नव्हत्याच. डॉक्टरांनी नंतर समजावलं होतं, की रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, माणूस दगावू शकतो, म्हणून आधी गोळ्या द्याव्या लागतात. हे मला नीट समजलं होतं, आणि मी विसरलोही नव्हतो. बाहेर आल्यावर मी गडावर जाऊन शपथ घेतली. पिणं खरंच थांबलं. घर सावरलं. आणि मग मला नवं पिणं सापडलं. माझं कौतुक.

सुरुवात गल्लीच्या नवरात्र मंडळापासून झाली. तिथे माझं भाषण ठेवलं. मागे बॅनर: 'श्रद्धा आणि आत्मविश्वास, हीच खरी औषधे'. मी देवीचा उंच डोंगर सांगितला, पायऱ्यांवर लोटांगण सांगितलं, शपथ घेताना अंगावर आलेला काटा सांगितला. बायका डोळे पुसत होत्या. केंद्र, सलाइन, गोळ्या यांचा उच्चार मी केला नाही. मी काविळीसाठी दवाखान्यात होतो, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. लोखंडी कॉटच्या गोष्टीला कोण टाळ्या वाजवणार? मग शाल, श्रीफळ, हार. हार आक्काकडचाच होता, आणि तो द्यायला ती स्वतः मांडवात आली होती.

कार्यक्रम संपल्यावर तिनं मला कडेला घेतलं.

"चांगलं बोललास. गोळ्यांचं तेवढं राहिलं."

"लोकांना श्रद्धेचं ऐकायचं असतं आक्का. गोळ्यांचं काय सांगायचं त्यात?"

"का? देवीला गोळ्यांचा इटाळ होतो का?"

"तसं नाही, पण लोकांचा विश्वास..."

"लोकांचा विश्वास की तुझी शाल?" तिनं माझ्या गळ्यातला हार नीट केला. एखाद्या मूर्तीचा करावा तसा. "खोटारड्या. निवृत्ती देव खुंटीला टांगायचा. तू डॉक्टरला टांगलास."

मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मंगलला म्हणालो, म्हातारीला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. पुढे वर्ष-दोन वर्षं मी असाच बोलत हिंडलो. ओझरला बोललो, वणीला बोललो. माझं भाषण सफाईदार होत गेलं. आक्का स्वतः कुणाला काही सांगत नव्हती; ते माझ्याच तोंडून निघावं, असा तिचा हट्ट होता. फक्त ओट्यावरून विचारायची, "काय रे, आज कुठं सुटली दारू?"

आक्काचा धाकटा भाऊ रघू कळवणकडचा. स्वतःचा टेम्पो चालवायचा. तिकडून भाजीपाला भरून नाशिकच्या मार्केटला यायचा आणि परतताना बहिणीकडे जेवून जायचा. आडदांड, हसरा माणूस. गाडीवर असताना पीत नसे. गाडी लावली की पुन्हा चालवायची वेळ येईपर्यंत दुसरं काही करत नसे. मग पिणं गाडीच्या वेळेतही सरकायला लागलं. आक्का त्याला ताट वाढता वाढता झोडपायची. "खा. रिकाम्या पोटी प्यायला मजा येत नसंल ना?" तो खाली मान घालून जेवायचा. त्यानं माझं वणीचं भाषण ऐकलं होतं.

एके दिवशी तो मला गल्लीच्या तोंडाशी गाठून म्हणाला, "दत्ताभाऊ, मलापण न्या ना गडावर. मी ऐकलं तुमचं. त्या दवाखान्यात नको पण. घरात कळतं, गावात कळतं. तुम्ही कसं नुसत्या शपथेवर केलं, तसं."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. मला गोळ्या होत्या, रघू. इतकंच. मी म्हणालो, "मन घट्ट कर. बाकी देवी बघेल."

"आक्काला नका सांगू पण. ती हासती."

"नाही सांगत," मी म्हणालो. आक्काच्या हसण्यातून आपण दोघं सुटलो, याचा मला आनंदच झाला.

आम्ही गडावर गेलो. रघूनं ओटी भरली, नारळ वाढवला, देवीपुढे नाक घासून शपथ घेतली. त्याला जुन्या संगतीपासून दूर ठेवायचं म्हणून मी तिथेच धर्मशाळेत खोली घेतली होती. संध्याकाळी त्याचे हात कापायला लागले. शर्ट घामानं भिजला. आरतीची टाळी त्याला धड वाजवता येईना. मग तो भिंतीकडे बघून म्हणाला, "दत्ताभाऊ, इथं मुंग्या लय हायत हो."

मला माहीत होतं त्या कुठल्या मुंग्या आहेत. माझ्याइतकं ते जगात कुणाला माहीत होतं? खाली वणीला दवाखाना होता, हाताशी फोन होता. मी रघूच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणालो, "देवी परीक्षा बघतेय. टिकायचं."

सकाळी दर्शनाला जाताना पायऱ्यांवर तो एकदम ताठ झाला आणि कोसळला. डोळे फिरले, हातपाय झटके द्यायला लागले, तोंडातून फेस आला. भोवती गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "अंगात आली! देवी आली अंगात!" हातात देवीची परडी घेतलेल्या एका बाईनं त्याच्या कपाळावर कुंकू फासलं. कुणी उदो उदो सुरू केलं. दुसऱ्या कुणी नाकाला चप्पल धरली. ते परडीवालीला आवडलं नाही, त्यावर वाद झाला. रघूचा उजवा खांदा पायरीच्या कडेवर आपटत होता आणि लोक हात जोडून उभे होते.

आणि मीही हात जोडले. हे मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही. क्षणभरच असेल, पण मी हात जोडले. कारण जर ही देवी असेल, तर ती फिट नव्हती. आणि फिट नसेल, तर मी काही केलेलं नव्हतं.

नारळाच्या दुकानातली एक पोरसवदा बाई पुढे आली आणि तिनं सरळ शिवी घातली. "अरे मरतोय तो! जीप बोलवा, देवी काय अशी येती का?" तिनं रघूला कुशीवर वळवलं. जीपमधून नांदुरी, तिथून वणी, तिथून ॲम्ब्युलन्सनं नाशिक. वाटेत दुसरी फिट आली.

आक्का दवाखान्यात आली तेव्हा तिच्या तोंडात मिश्री तशीच होती. ती चूळ भरायलाही थांबली नव्हती. डॉक्टरांचं बोलणं तिनं उभ्यानं ऐकलं. जीव वाचेल. खांदा निखळलाय, हाड मोडलंय, शीर दुखावली असावी. मग ती माझ्याकडे वळली.

"हात कापत व्हते?"

"हो."

"घाम?"

"हो."

"तुला कळलं व्हतं?"

मी तिच्या पायावर पडलो. खरंच पडलो, व्हरांड्यात, लोकांसमोर. "आक्का, चुकलो, मला माफ करा," असं काहीबाही बोलत होतो. रडत होतो. तिनं पाय मागे घेतले.

"ऊठ. ऊठ म्हणते ना. लोटांगणं तिकडं गडावर घाल, इथं जागा नाय. निवृत्ती पण असाच पडायचा, दर उतरल्यावर. माफी मागितली की त्याला झोप चांगली लागायची." ती भिंतीला टेकून खाली बसली. "मला नको माफी. ज्यांना अर्धं सांगितलंस त्यांना पुरं सांग. आन रघूला सांग, तुला काय ठाऊक व्हतं ते."

"सांगतो."

"आज नको. आज तुला रडू येतंय, आज काय पण सांगशील."

 नंतर हळू आवाजात म्हणाली, ते मला उद्देशून नव्हतं. "मला न सांगता गेला. माझ्या हासण्याला भिऊन गेला. घरात बहीण असून माणूस ह्याच्यासारख्याकडं गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. पदर काळा झाला. आक्कानं नाकातून हवा सोडली, आणि या वेळी ती माझ्यासाठी नव्हती.

रघूचा हात खांद्याच्या वर जाईना. टेम्पो चालवणं संपलं. तो विकावा लागला. आक्कानं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. केंद्रात नेलं, गोळ्यांचा पूर्ण कोर्स करवला, दर आठवड्याला तपासणीला स्वतः घेऊन गेली. पुढे तो बरा झाल्यावर ती त्याला चैत्रात गडावर घेऊन गेली. तिथलं मला रघूच्या बायकोनं सांगितलं. आक्का देवीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा बघ, आणला. गोळ्या खाऊन आलाय. चालंल ना?" मग थोडं थांबली, जणू पलीकडून कुणी बोलतंय, आणि रघूला म्हणाली, "चालतं म्हणती. पड पाया."

मी त्या काळात भाषणं बंद केली. पण खरंही सांगितलं नाही. बोलावणं आलं की तब्येतीचं कारण द्यायचो. एका संध्याकाळी बारच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत काच पुसणारा पोऱ्या ओळखीचं हसला तेव्हा पळालो. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांकडे जाऊन पहिल्यांदा म्हणालो, मला भीती वाटते, माझा माझ्यावर भरवसा नाही. ते म्हणाले, बरं झालं, आता येत जा. त्या दिवसापासून मी खरा सुधारलो, असं लिहायचा मोह होतो आहे. लिहीत नाही. असल्या वाक्यांनीच माझं वाटोळं केलं.

आक्का माझ्याशी बोलायची, पण त्या विषयावर नाही. उलट तिची जीभ थोडी मवाळ झाली होती, आणि तेच जास्त लागायचं. रघूला जेवताना ती टोमणे मारीनाशी झाली. सवयीनं ओठावर आलेलं ती गिळायची. ते गिळताना दिसायचं. एवढी तोंडाळ बाई, भावासाठी तोंड आवरायला शिकत होती, आणि बऱ्याचदा तिला जमत नव्हतं. मग म्हणायची, "हे पण मिश्रीसारखंच हाय बघ. सुटत नाय."

तिला मी शेवटचं नीट पाहिलं ते दसऱ्याच्या सकाळी. पेठ रोडच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते, आणि एका ढिगामागे ती, डोक्यावर पदर, गुडघ्यापर्यंत फुलांत. रघू शेजारी डाव्या हातानं टोपल्या सरकवत होता. एक गिऱ्हाईक हार सुकलेला आहे म्हणून कटकट करत होतं. आक्का त्याला म्हणाली, "गाडीला घालायचाय ना? गाडी काय लग्नाला चाललीय?" मग मला पाहिलं.

"घे. तुझ्या गाडीला पण घे. गाडीला हार, तोंडाला कुलूप."

रघू खाली बघून हसला. त्याला कुठलं कुलूप ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, मीही त्याच्यासारखाच देवीच्या भरवशावर राहून फसलेला माणूस आहे. मला तो अजून दत्ताभाऊ म्हणायचा आणि माझ्यासाठी चांगला हार निवडून काढायचा.

"सांगतो आक्का," मी हळूच म्हणालो.

"घाई नाय. दारूला पण तुला वीस वर्षं लागली." आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दिवाळी झाल्यावर आठवडाभरात, मळ्यात तोडणी करताना तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

दशक्रिया रामकुंडावर झाली. आक्काच्या पिंडाला कावळा ताबडतोब शिवला. कुणाकडून काही वदवून घ्यायची तिची पद्धत नव्हती. मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माइक आला आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या एकानं सांगितलं की सिंधूआक्का अत्यंत मृदुभाषी होत्या. मागच्या बायकांत कुणीतरी खोकलं. दुसऱ्यानं सांगितलं की त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. आक्काला हे ऐकायला मिळालं असतं, तर रामकुंडाचं पाणी हलेल एवढी हवा तिच्या नाकातून सुटली असती. मग सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. "श्रद्धा आणि आत्मविश्वासाच्या बळावर व्यसनावर मात करणारे आपले दत्ताभाऊ दोन शब्द बोलतील."

मी माइक हातात घेतला. समोर पहिल्याच ओळीत, मुंडण केलेला रघू बसला होता, उजवा हात मांडीत ठेवून. बाजूला त्याची बायको. मागे गल्ली, मंडळ, माझ्या भाषणांना डोळे पुसलेल्या बायका. मी आक्काविषयी एक शब्दही बोललो नाही.

"रघू," मी म्हणालो, "मी नुसत्या शपथेवर दारू सोडली नाही. शपथ नंतर घेतली. आधी मला केंद्रात ठेवलं होतं, सलाइन होतं, गोळ्या होत्या. रिक्षात तुझ्या बहिणीनं बसवलं. गोळ्यांशिवाय एकदम सोडली तर फिट येते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू मला गल्लीच्या तोंडाशी विचारलंस तेव्हा ते माहीत होतं. गडावर तू मला मुंग्या दाखवल्यास, त्या मीही केंद्रात पाहिल्या होत्या. मी तुला तेव्हाच खाली न्यायला पाहिजे होतं. नेलं असतं, तर माझी गोष्ट खोटी पडली असती, म्हणून नेलं नाही. देवीनं तुझी परीक्षा घेतली नाही. मी तुझा हात घालवला. माझं चुकलं."